काचेची पाटी : टॅबलेट व ई-रीडर यांचा शाळेत आणि नित्याच्या व्यवहारात उपयोग



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एका दुशिक्षकी शाळेची तपासणी करीत असता मुख्याध्यापक गुरुजींनी कपाट उघडून फडक्यात गुंडाळलेला एक टॅबलेट माझ्यासमोर ठेवला. गावकऱ्यांनी वर्गणी करून तो शाळेस दिला होता. पडद्यावरील मूळचे पातळ प्लॅस्टिकही अद्याप काढलेले नव्हते. डेडस्टॉक नोंदवहीत त्याची नोंद बिनचूक होती. मला समाधान वाटले आणि मी शेरेबुकात लिहिले, “टॅबलेट सुस्थितीत आहे.”

पुढील वर्षी त्याच शाळेत गेलो, तेव्हा तो टॅबलेट सुरूच होईना. वर्षभर चार्ज न केल्यामुळे त्याची बॅटरी निकामी झाली होती. चौथीतील एक मुलगी जवळ उभी होती. तिने विचारले, “साहेब, त्यात गोष्टी होत्या ना?” ह्या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. गुरुजींना तरी मी काय बोलणार? वस्तू जपून ठेवल्याबद्दल शाबासकी मीच दिली होती.

त्या दिवसापासून ‘साधन सुस्थितीत आहे काय?’ हा प्रश्न मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवला. ‘साधन मुलांच्या हाती गेले काय, आणि त्यातून मुले काय शिकली?’ हा पहिला. प्रस्तुत लेखाचा हेतू हाच आहे. शाळेत एकच टॅबलेट असेल, गावात वीज व नेटवर्क बेभरवशाचे असेल, तरीही ह्या साधनाचा रोजच्या कामात उपयोग कसा करावा, त्याच्या मर्यादा कोणत्या आणि काळजी कोणती घ्यावी, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. साधनांची ओळख

‘टॅबलेट’ ह्या इंग्रजी शब्दाचा एक जुना अर्थ फळी किंवा पाटी असाच आहे. आपल्या लहानपणीच्या दगडी पाटीशी त्याचे नाते ह्या दृष्टीने जवळचे. परंतु दोहोंत एक मोठा भेद आहे. दगडी पाटीवर मुलाने लिहिल्यावाचून काहीही दिसत नसे. काचेच्या पाटीवर मुलाने काहीही न करता पुष्कळ दिसते. पाटी मुलाला कामाला लावीत असे. टॅबलेट मुलाला नुसते पाहावयास बसवू शकतो. पुढील सर्व सूचनांचे मूळ ह्या एका भेदात आहे.

टॅबलेटच्या पडद्याला स्वतःचा प्रकाश असतो. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत तो स्पष्ट दिसतो, पण भर उन्हात वाचणे कठीण जाते. ई-रीडरची रचना निराळी आहे. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात व त्यांत काळे आणि पांढरे कण असतात. दोन्ही रंगांच्या कणांवर परस्परविरुद्ध विद्युत्भार असतो. विजेच्या संकेतानुसार काळे कण वर आले की तेथे काळा ठिपका दिसतो, पांढरे आले की पांढरा. एकदा पान उमटले की ते तसेच राखण्यासाठी वीज लागत नाही. पान उलटताना तेवढी लागते. म्हणूनच ई-रीडर एकदा चार्ज केल्यावर अनेक दिवस, कधीकधी काही आठवडे चालतो, आणि उन्हात तो कागदाप्रमाणे वाचता येतो.

ह्या साधनांचा इतिहास फार जुना नाही. विजेच्या शाईचे हे तंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत १९९० नंतरच्या दशकात विकसित झाले. २००४ साली सोनी कंपनीने जपानात अशा पडद्याचा ई-रीडर विक्रीस आणला. २००७ साली किंडल आला. २०१० साली आयपॅड आल्यानंतर टॅबलेटचा प्रसार वेगाने झाला, आणि २०११ साली आपल्या देशात विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा अल्प किमतीचा टॅबलेट प्रकाशात आला.

बोटाच्या स्पर्शाने पडदा कसा चालतो, हे मुलांना प्रयोगाने दाखवावे. प्रथम बोट टेकवावे, मग लाकडी काडी, मग जाड कापडात गुंडाळलेले बोट. पहिल्यानेच काम होते. आपले शरीर विजेचे वाहक आहे, आणि पडद्यावरील विद्युत्क्षेत्रात बोटामुळे होणारा बदल यंत्र ओळखते. काडी किंवा जाड कापड तो बदल घडवू शकत नाही. वाहक व दुर्वाहक ह्या संकल्पना शिकविण्यासाठी ह्याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

२. वाचावयाचे साहित्य

रिकामे कपाट आणि रिकामा टॅबलेट ह्यांत फरक नाही. मराठीत विनामूल्य व रीतसर मिळणारे साहित्य आता पुष्कळ आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके तिच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. बालभारतीच्याच ‘किशोर’ मासिकाचा पहिला अंक १९७१ साली निघाला. त्याचे जुने अंकही आज पडद्यावर वाचावयास मिळतात. प्रथम बुक्स संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ ह्या संग्रहात मराठी चित्रकथा आहेत, आणि त्यांची वाचनपातळीनुसार विभागणी केलेली असल्यामुळे शिक्षकांची निवड सोपी होते. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ मंचावरील साहित्य पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमार्फत उघडते. शिक्षकांच्या स्वतःच्या तयारीसाठी मराठी विश्वकोश हा मोठा आधार आहे. त्याचा पहिला खंड १९७६ साली छापला गेला. आज त्यातील नोंदी घरबसल्या शोधता येतात.

गावात नेटवर्क नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी बैठकीस आलेल्या दिवशी महिन्याचे साहित्य उतरवून घ्यावे. एकदा उतरविलेले पुस्तक वाचण्यास नेटवर्क लागत नाही. जागेचीही चिंता नको. संगणकाच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो की काना-मात्रा, तीन बाइट जागा घेते. पन्नास हजार शब्दांचे चित्रविरहित पुस्तक घेतले आणि सरासरी एका शब्दात सात चिन्हे धरली, तर सुमारे साडेदहा लाख बाइट, म्हणजे एक मेगाबाइट होतात. ह्या हिशेबाने एका गीगाबाइटमध्ये अशी जवळजवळ हजार पुस्तके मावतील. चित्रांची व छायाचित्रित पानांची पुस्तके मात्र पुष्कळ अधिक जागा घेतात.

फायलींचे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. पीडीएफ म्हणजे छापील पानाची जशीच्या तशी प्रतिकृती. तिच्यात अक्षर मोठे केले की सबंध पान मोठे होते आणि ओळ पडद्याबाहेर जाते. ई-पब प्रकारात अक्षर मोठे केले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. लहान पडद्यावर व अधू दृष्टीच्या वाचकासाठी दुसरा प्रकार सोयीचा होय.

एक पथ्य अवश्य पाळावे. लेखकाच्या वा प्रकाशकाच्या परवानगीवाचून फिरणाऱ्या प्रती कितीही सहज मिळाल्या तरी शाळेच्या टॅबलेटवर घेऊ नयेत. मुले आपल्या बोलण्यापेक्षा आपले वागणे अधिक लक्षपूर्वक पाहतात.

३. एक टॅबलेट, चोवीस मुले : वाचनाचा पाठ

पुढील आखणी इयत्ता तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गासाठी आहे. पट चोवीस धरला आहे.

उद्दिष्टे : (अ) मुलांनी अपरिचित गोष्ट अर्थ समजून मोठ्याने वाचणे. (आ) पुढे काय होईल ह्याचा सकारण अंदाज बांधणे. (इ) वाचलेले स्वतःच्या शब्दांत सांगणे व लिहिणे.

पूर्वतयारी : शिक्षकाने गोष्ट आदल्या दिवशी स्वतः वाचावी. कोणत्या पानावर थांबावयाचे ते ठरवावे. टॅबलेट पूर्ण चार्ज करावा, संदेशांच्या सूचना व आवाज बंद करावेत. सहा-सहा मुलांचे चार गट करावेत, आणि प्रत्येक गटात एक तरी बरे वाचणारे मूल असावे.

अध्यापन : सोमवार ते गुरुवार रोज एक गट टॅबलेटपाशी बसेल. त्याच वेळी दुसरा गट पाठ्यपुस्तकातील उतारा वाचील, तिसरा फळ्यावरील शब्दांपासून वाक्ये तयार करील, चौथा शिक्षकांजवळ बसेल. अडखळणाऱ्या मुलांकडे लक्ष देण्यास शिक्षकांना एरवी वेळ मिळत नाही. तो येथे मिळतो. माझ्या मते टॅबलेटचा हा सर्वांत मोठा लाभ होय.

टॅबलेटच्या गटात टॅबलेट मध्ये जमिनीवर ठेवावा. कोणीही मांडीवर घेऊ नये. एका मुलाने एक पान वाचावे. ‘समजले’ असे सर्वांनी म्हटल्यावाचून पान उलटू नये. ठरलेल्या पानावर थांबून प्रत्येकाने पुढील घटनेचा अंदाज वहीत एका वाक्यात लिहावा व मगच पुढे जावे. वीस मिनिटांत वाचन संपवून टॅबलेट बंद करावा, आणि उरलेल्या वेळात प्रत्येकाने गोष्टीवर तीन वाक्ये लिहावीत.

मूल्यमापन : शुक्रवारी टॅबलेट कपाटातच राहू द्यावा. प्रत्येक गटाने आपली गोष्ट वर्गास तोंडी सांगावी. ज्या गटास ती सांगता आली नाही त्याने चित्रे पाहिली, गोष्ट वाचली नाही, असे समजावे आणि पुढील आठवड्यात त्यास लहान गोष्ट द्यावी. बोट सराईतपणे फिरते ह्यावरून मूल वाचते असे अनुमान काढणे, ही आपली नेहमीची चूक आहे. मीही ती अनेकदा केली आहे.

ह्याखेरीज ध्वनिमुद्रणाचा उपयोग करावा. महिन्याच्या आरंभी प्रत्येक मुलाचे अर्ध्या पानाचे वाचन मुद्रित करून ठेवावे, महिन्याच्या अखेरीस पुन्हा मुद्रित करावे आणि दोन्ही त्याला एकांतात ऐकवावीत. आपली प्रगती आपल्याच कानांनी ऐकल्यावर मुलाला निराळ्या उत्तेजनाची गरज राहत नाही. चारचौघांत मात्र ऐकवू नये; अडखळणारे मूल त्याने अधिकच मिटते.

४. गणिताचा एक पाठ

टॅबलेट चार्ज करण्यास किती वीज लागते, हे उदाहरण वरच्या वर्गांना घालावे. समजा, बॅटरीवर ६००० मिलिअँपिअर-तास असे लिहिले आहे, म्हणजे ६ अँपिअर-तास. दाब ३.७ व्होल्ट. ६ गुणिले ३.७ म्हणजे २२.२ वॉट-तास. चार्ज होताना काही वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून २८ वॉट-तास धरू. रोज एकदा याप्रमाणे ३० दिवसांचे ८४० वॉट-तास झाले. एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. तेव्हा महिन्याचा खर्च एक युनिटपेक्षाही कमी. जुना ६० वॉटचा दिवा १४ तास जळला तर तेवढीच वीज जाते. ‘वीजबिल वाढेल’ ही सबब किती खरी, हे मुलेच आपणांस सांगतील.

५. घरी आणि गावात

माझी आई ऐंशीच्या घरात आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तरी बारीक टाइपाचे पुस्तक तिला वाचवेना, आणि तिने वाचन सोडून दिले होते. तिच्या हाती ई-रीडर दिला व अक्षर बरेच मोठे केले. पहिल्या दिवशी पोथीची सवय म्हणून ती बोटाला थुंकी लावून पान उलटू लागली. ओल्या बोटाने पडदा नीट चालेना. “ह्याला माझा हात चालत नाही रे,” म्हणून तिने तो बाजूला ठेवला. कोरड्या बोटाने स्पर्श करावयाचा, एवढे समजल्यावर तिचे अडले नाही. आज ती दुपारी ओसरीवर तासभर वाचते. गावोगावी असे वृद्ध आहेत. वाचता येत असून केवळ अक्षर बारीक म्हणून त्यांचे वाचन सुटले आहे. चौथीच्या मुलाला आपल्या आजी-आजोबांसाठी अक्षर मोठे करून देता आले, तर त्याच्या शिक्षणाचा लाभ घराला झाला असे म्हणता येईल.

शेतकरी पालकांसाठी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतरविणे, भारतीय हवामान विभागाचा अंदाज पाहणे, ही नित्याच्या उपयोगाची कामे आहेत. पालकसभेत ती प्रत्यक्ष दाखवावीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय अनेक टॅबलेटांत असते. त्याचबरोबर सावधगिरीही शिकवावी. बँकेचा गुप्त क्रमांक वा मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. अनोळखी संदेशातील दुव्याला स्पर्श करू नये. कोणतीही बातमी खरी मानण्यापूर्वी ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली, हे पाहावे. हे तीन नियम मुलांनी सुंदर अक्षरात लिहून घरी भिंतीवर लावावेत.

६. मर्यादा आणि काळजी

छापील पुस्तकाची जागा टॅबलेटने घ्यावी, असे माझे म्हणणे मुळीच नाही. कागदावरील व पडद्यावरील वाचनाची तुलना करणाऱ्या ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो, आणि वेळेचे बंधन असल्यास हा फरक वाढतो, असे त्यात दिसून आले. केवळ कथात्मक मजकुराच्या बाबतीत असा फरक आढळला नाही. ह्यावरून आपणांस साधा नियम करता येतो : गोष्टी टॅबलेटवर वाचल्या तरी चालतील, परिसर अभ्यासाचा पाठ मात्र पुस्तकातून वाचावा आणि पेन्सिलीने खुणा करीत वाचावा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील बालकांना पडद्यापुढे बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाची मर्यादा आहे, व त्याहून कमी असल्यास अधिक बरे. अंगणवाडीताईंना व पालकांना हे समजावून सांगावे. मोठ्या मुलांसाठी डोळ्यांच्या विश्रांतीचा नियम सोपा आहे : दर २० मिनिटांनी २० फुटांवरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे. शाळेच्या दारातून दिसणारे झाड ह्या कामी पुरेसे आहे.

बॅटरीविषयी पुढील सूचना पाळाव्यात :

(१) बॅटरी पूर्ण रिकामी करून टॅबलेट ठेवून देऊ नये. दीर्घ सुट्टीपूर्वी ती निम्मी भरलेली असावी आणि महिन्यातून एकदा पाहून पुन्हा भरावी.

(२) टॅबलेट उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नये. उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते.

(३) चार्ज होत असताना तो उशीखाली वा कापडात गुंडाळून ठेवू नये, व चार्जर मूळचाच अथवा योग्य क्षमतेचा वापरावा.

(४) बॅटरी फुगलेली दिसताच वापर तत्काळ बंद करावा. ती दाबू नये, टोचू नये, चार्ज करू नये. केरात किंवा आगीत तर मुळीच टाकू नये, कारण तिचा स्फोट होण्याचा धोका असतो. जाणकाराकडून ती काढून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावी.

काच फुटण्याची भीती अनेक शिक्षकांना वाटते, आणि ती अकारण नाही. डेडस्टॉकमधील वस्तू फुटली की स्पष्टीकरण द्यावे लागते, हे मी जाणतो. जाड आवरण घालावे, जमिनीवर ठेवूनच वापरावा आणि वापराची तारीखवार नोंद ठेवावी. काम करताना फुटलेल्या काचेची हकीकत ती नोंदवही सांगते. कपाटात निकामी झालेल्या बॅटरीची हकीकत मात्र कोणास सांगता येत नाही.

७. समारोप

आरंभी सांगितलेल्या शाळेचा टॅबलेट पुढे दुरुस्त झाला. बॅटरी बदलण्याचा खर्च गावकऱ्यांनीच केला. आज तेथे आठवड्यातून चार दिवस गोष्टी वाचल्या जातात, गुरुजी स्वतः नोंद ठेवतात, आणि पडद्यावर दोन-तीन ओरखडे पडले आहेत. त्या ओरखड्यांसह मी गेल्या भेटीत शेरा लिहिला, “टॅबलेट नियमित वापरात आहे.” परंतु ज्या मुलीने मला प्रश्न विचारला होता ती तोपर्यंत पाचवीसाठी दुसऱ्या गावी गेली होती. तिच्या वाट्याच्या गोष्टी तिला त्या शाळेत मिळाल्या नाहीत. यंत्र दुरुस्त करता येते, नवेही आणता येते; मुलाचे चौथीचे वर्ष पुन्हा आणता येत नाही. आपल्या शाळेच्या कपाटात असे काही साधन पडून असेल, तर हा लेख वाचून होताच ते बाहेर काढून चार्ज करण्यास लावावे, एवढीच विनंती.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील टॅबलेट गेल्या महिन्यात किती दिवस मुलांच्या हाती होता? नसल्यास नेमकी अडचण कोणती?

२. आपल्या वर्गाच्या पटानुसार गटांची आखणी करा. टॅबलेटपाशी नसलेल्या गटांस कोणते काम द्याल?

३. पडद्यावर वाचलेली गोष्ट मुलास खरोखर समजली, हे आपण कोणत्या तीन रीतींनी पडताळून पाहाल?

४. गावातील अधू दृष्टीच्या वृद्धांसाठी आपल्या शाळेस काय करता येईल?